बीव्हरशेठांचं पाणी

अमेरिकेतल्या एका जंगलात, माणसाचा अजून पत्ता नव्हता तेव्हाही, दानशूर मंडळी मात्र होती. त्यातले सगळ्यात मोठे बीव्हरशेठ. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून नदीला बांध घालणारा प्राणी. शेठांनी असा भक्कम बांध घातला की वर त्यांचं तळं झालं आणि खाली नुसती वाळू उरली. पण शेठांचं मन मोठं. दर उन्हाळ्यात ते खालच्या प्राण्यांना बोलावून द्रोण द्रोण पाणी वाटायचे. ससे हार घालायचे, बगळा भाषण करायचा.

एका वर्षी म्हाताऱ्या कासवीणबाईंचा नंबर आला. ज्या नदीत त्या पोहत वाढल्या, तिच्याच कोरड्या पात्रातून चालत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शेठ, द्रोण राहू द्या. बांधाच्या तळाचं एक लाकूड तेवढं काढा, म्हणजे आमचं आम्ही पिऊ."

शेठांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडे ते भरपूर होतं.

"माझं काय, सगळे म्हणतील तसं," ते म्हणाले. "मतं घ्या."

"अहो बाई, अक्कल आहे का," हरीण कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत खेकसलं. "लाकूड काढलं तर शेठ आपल्याला वाटणार काय?"

लाकूड काढायच्या बाजूने एकट्या कासवीणबाईंचं मत पडलं. सुधारणा मात्र झालीच. द्रोण जरासे मोठे झाले, आणि शेठांचे आभार म्हणून बांध हातभर उंच करायचं ठरलं. लाकडं वाहायला पाठ कुणाची मजबूत, असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी कासवीणबाईंकडे बघितलं.