कोकमातला बर्फ

"पण बाई, आत्ता कापला तर असं काय बिघडणार आहे?"

सकाळपासून शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं. बाई कोकम सरबत ढवळत होत्या. अंटार्क्टिकावर माणसं कढत चहासाठी भांडतात. सरबत पिणाऱ्या त्या एकट्याच.

डॉ. चित्रलेखा केळुसकर, मूळच्या मालवणच्या. बर्फात खोल भोक पाडायचं, त्यातून बर्फाचे लांबट दंडगोल वर काढायचे आणि आत कोंडलेल्या बुडबुड्यांवरून त्या काळची हवा कशी होती ते शोधायचं, यात त्यांची हयात गेली. मी छावणीचा डॉक्टर. मला बर्फातलं काही कळत नाही.

शार्दूल पोंक्षे त्यांचा शिष्य. हुशार, आणि हे त्याला पक्कं माहीत. छावणी उंचावर आहे, हवा विरळ. आल्यावर दोन दिवस पडून राहायचं हा इथला नियम. "मी सह्याद्री पालथा घातलाय, डॉक्टर," असं मला ऐकवून तो हिंडायला गेला. संध्याकाळी आमटीच्या ताटात तोंडावर पडला.

बर्फालाही तोच नियम. आठशे मीटर खालच्या बर्फात हवा दाबून भरलेली असते. वर आला की तो आतून तणतणतो, जरा करवत लागली की फुटतो. म्हणून त्याला तळघरात रॅकवर वर्षभर निजवून ठेवतात. तिथे कुणी आवाजसुद्धा चढवत नाही.

शार्दूलला थांबायचं नव्हतं. शेवटचं हिमयुग कसं संपलं याविषयी त्याचा स्वतःचा एक तर्क होता आणि त्याचा पुरावा रॅकवरच्या दोन दंडगोलांत होता. त्याला परत न्यायला विमान गुरुवारी येणार. पुढच्या मोसमात ते दुसराच कुणी कापणार आणि नावही त्याचंच होणार. पोराने सहा वर्षं घासली होती. मला त्याची खरंच दया येत होती.

दंडगोल दोन होते, आता एकच उरला होता. काल शार्दूल तळघरात गेला, त्याला शिंक आली आणि एक फुटला म्हणे. शिंकताना हातात करवत कशाला होती, हे बाईंनी विचारलं नाही.

"बाई, सांगा ना. कापू?"

"काप."

शार्दूल बघतच राहिला. मीही.

"खरंच?"

"काप की. आधी सरबत घे."

बाईंनी डब्यातून कालच्या फुटक्या बर्फाचा उरलेला खडा काढला आणि त्याच्या पेल्यात टाकला.

तड... तड... तडतड...

"ऐक," बाई म्हणाल्या.

"हो, ते बुडबुडे," शार्दूल म्हणाला. "वीस हजार वर्षांपूर्वीची हवा. बर्फ वितळला की सुटते. आता माझं म्हणणं असं, की तेव्हा समुद्राचे प्रवाह आधी बदलले आणि मग..."

तड... तड...

त्याने टेबलावर बोटाने आलेख काढला. माझा चमचा घेऊन त्याचा समुद्रप्रवाह केला. मी भिडेखातर दोनदा "हं" म्हटलं, त्याने त्याला आणखी चेव आला.

तो थांबला तेव्हा पेला शांत होता. बर्फ विरघळून गेला होता.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

बाईंनी पेल्याकडे बोट दाखवलं.

"वीस हजार वर्षांनी तोंड उघडलं होतं त्याने."

शार्दूलने पेल्यात डोकावून पाहिलं. मग पेला कानाला लावला. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरही बर्फच होता.

"बाई... अजून एखादा खडा?"

"संपला."

शार्दूलचे कान लाल झाले होते. त्याने खिशातून तळघराची किल्ली काढली आणि बाईंच्या पेल्याशेजारी ठेवली.

"म्हणजे वर्षभर थांबायचं?" तो अगदी हळू म्हणाला.

बाईंनी सरबताचा घोट घेतला.

"बर्फाला वर्ष पुरतं, शार्दूल. तुझं मला सांगता येत नाही."