वाघीची गुबगुबीत पिल्लं

एका उघड्या माळावर ठकूबाई नावाची धनगरीण राहत होती. शेजारच्या झोपडीत तिचा दीर म्हाळाप्पा. दोघांची मेंढरं एकत्र चरत आणि त्यांची राखण करी वाघी नावाची कुत्री. तिच्या वासानेच लांडगा लांब राही.

पण वाघी आता म्हातारी होत चालली होती आणि तिची पिल्लं जगत नव्हती. मागच्या वेताची सगळी गेली. लोक म्हणाले, दृष्ट लागली. ठकूबाईने काळे दोरेही बांधून पाहिले होते.

यंदा वाघी पुन्हा व्याली. काही दिवसांतच पिल्लांची पोटं टम्म दिसू लागली. म्हाळाप्पा खूश होता. बघा, कशी गुबगुबीत झालीत, आईला दूध चांगलं आहे, असं तो येईल त्याला सांगे. ठकूबाईलाही बरं वाटे. पण अंगावरून हात फिरवताना पिल्लांचे केस राठ लागत आणि पोट टम्म असूनही बरगड्या हाताला येत. एका सकाळी सगळ्यांत मोठ्या पोटाचं पिल्लू मरून पडलं.

ठकूबाईने उरलेली पिल्लं टोपलीत घातली आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी एकेकाचं पोट दाबून पाहिलं.

“बाई, हे दुधाचं पोट नाही. आत जंत आहेत. पिल्लू जे पितं, ते जंतच खातात.”

जंत आईकडूनच पिल्लांत येतात, असं त्यांनी समजावलं. औषध पिल्लांना द्यायचं तसं वाघीलाही द्यायचं, आणि बरी दिसली तरी सांगितलेल्या वेळी पुन्हा द्यायचं. विष्ठा रोज उचलून पुरायची, कारण तिथेच पोरं खेळतात आणि जंत त्यांच्याही पोटात जातात. आणि मेंढरू कापलं की कच्ची आतडी कुत्र्याला अजिबात घालायची नाहीत.

औषध दिल्यावर पिल्लांच्या पोटातून जंतांची भेंडोळी पडली. ती म्हाळाप्पाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. हळूहळू पोटं उतरली, केसांवर चकाकी आली आणि पिल्लं मेंढरांमागे धावू लागली.

पुढे सण आला. माळावर मेंढरू कापलं. वाघी नेहमीसारखी येऊन बसली. म्हाळाप्पाने आतड्यांचा गोळा उचलला. कुत्र्याचा हा वाटा त्याच्या आजोबांपासून चालत आला होता आणि वाघीवर त्याचा जीव होता. ठकूबाई मध्ये उभी राहिली.

“भावजी, तुमची माया मला कळते. पण याच वाट्यातून तिच्या पोटात रोग जातो. तिला शिजवलेलं मांस घालू.”

वाघी म्हाळाप्पाच्या हाताकडे बघत होती. मग त्याने फावडं घेतलं, खोल खड्डा खणला आणि आतडी पुरली. त्या दिवशी वाघीला भाकरीबरोबर शिजवलेलं मांस मिळालं. तिने ताटली चाटून लख्ख केली.

पिल्लं मोठी झाली. आसपासच्या धनगरांनी एकेक मागून नेलं, एक म्हाळाप्पाने स्वतःकडे ठेवलं. पुढे एके दिवशी तो ते कुत्रं दोरीने धरून तालुक्याच्या वाटेला लागलेला ठकूबाईला दिसला. तिने काळजीने विचारलं, याला काय झालं?

“काही झालेलं नाही, वहिनी,” तो म्हणाला. “होऊ नये म्हणून चाललोय.”

तात्पर्य: मुक्या जिवाला नुसतं भरवणं म्हणजे माया नव्हे, त्याच्या पोटाची आधीच काळजी घेणं ही खरी माया.