आत्म्याचा चोख अर्थ

फार पूर्वी एका डोंगरावर मठ होता आणि त्या मठात एक अबोल शिष्य राहायचा. त्याला ना आईबाप, ना भाऊबंद. एकदा त्याने गुरुजींना विचारलं, "आत्मा म्हणजे नेमकं काय?"

गुरुजी म्हणाले, "जुन्या संस्कृतात आत्मा म्हणजे श्वास. मग कुणी देहाला आत्मा म्हटलं, कुणी मनाला. 'स्वतः' म्हणायलाही तोच शब्द. आणि लोकांच्या तोंडी झिजून झिजून त्याचाच 'आपण' झाला."

"आपण म्हणजे मी, तुम्ही, की सगळे?"

"तिन्ही," गुरुजी हसले.

शिष्याला ते पटलं नाही. "इतका सैल शब्द मला नको. 'स्वतः' हाच चोख अर्थ," असं म्हणून तो पलीकडच्या कड्यातल्या गुहेत राहायला गेला. ज्याला कुणीच नाही, त्याला तो अर्थ सोपाही होता.

त्याने नेम केला, की गुहेत दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. गावकरी बाहेरच्या दगडावर ऊन भाकरी ठेवून मुकाट्याने परत जायचे. त्यांची पावलं वाजेनाशी होईपर्यंत तो बाहेर येत नसे. मग गार भाकरी खाताना त्याला वाटायचं, एखादं तरी पाऊल रेंगाळायला हवं होतं. डोळे मिटून तो स्वतःला शोधायचा. आत कुणीच भेटत नसे.

एका दुपारी अचानक गारा कोसळू लागल्या. एक म्हातारी शेळ्या हाकत गुहेच्या तोंडाशी आली.

"बुवा, आत येऊ का?"

"माझा नेम आहे. इथे दुसऱ्या कुणी यायचं नाही."

"मग शेळ्यांना तरी घे! त्या कुठे तुझ्याशी बोलणार आहेत?"

"जरा थांबा. विचार करतो."

"कर बाबा. गारांनाही सांग जरा थांबायला!"

तो विचार करत राहिला. तेवढ्यात एक मोठी गार सगळ्यात लहान करडाच्या डोक्यात बसली. ते एकदाच ओरडलं आणि पडलं.

शिष्य धावला. पाठीवर गारा झेलत त्याने म्हातारीला आत आणलं, शेळ्या ओढून घेतल्या, करडू छातीशी धरलं. करडाचा श्वास थांबला होता.

म्हातारी भिंतीला टेकली आणि म्हणाली, "उभा का? बस. आपण सगळे मावतो की."

त्या 'आपण'मध्ये ती होती, भिजलेल्या शेळ्या होत्या, आणि तोही होता. आजवर त्याला असं कुणी आपल्यात धरलंच नव्हतं. त्याला रडू कोसळलं.

गारा थांबल्या. म्हातारी निघाली, तसा तो करडू उचलून तिच्यामागे चालू लागला.

"आणि तुझा नेम?"

"मोडला."

"मग चल. याला पुरायचंय. जमीन खडकाळ आहे, माझ्या एकटीच्याने खणवणार नाही."

तात्पर्य: दुसऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवून स्वतःचा शोध लागत नाही, आणि 'आपण' म्हणायला उशीर झाला, तर त्याची किंमत भलताच जीव मोजतो.