म्हाळाप्पा आणि मऊ पडलेली कोळंबी

कृष्णाकाठच्या एका खारपड गावात म्हाळाप्पा नावाचा भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो तस्सं करायचा. फक्त भलत्याच ठिकाणी.

रानात ऊस येईना, म्हणून त्याच्या बायकोनं, अनसूयेनं, तळं खणून कोळंबी सोडली. पाणी बोअरचं, समुद्रापुढं अगदीच मचूळ. दोन महिन्यांत कोळंबी मऊ पडली. रोज पाच-पन्नास मरायच्या. अनसूयेला घास गोड लागेना.

तिनं कोळंबीतले जाणकार तोडकर साहेब बोलावले. ते म्हणाले, "पाण्यात खनिजं कमी आहेत. पोटॅश, मॅग्नेशियम टाका."

म्हाळाप्पानं चिमूटभर टाकलं. चवीपुरतं.

अनसूयेनं कपाळाला हात लावला. "अहो, तळ्याला चिमूट? पोतं टाकायचं!"

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी ती म्हणाली, "आमटी अळणी झालीय, जरा मीठ टाका." म्हाळाप्पानं गुरांसाठी आणलेलं मिठाचं पोतं पातेल्यावर पालथं केलं. पातेलं दिसेना.

"अहो, पोतं तळ्याला! आणि तिथंही असं ओतायचं नाही. बादलीत विरघळवायचं, मग चारी बाजूंनी शिंपडायचं."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

सकाळी अनसूयेचा भाऊ आला. ती म्हणाली, "त्याला चार लाडू द्या." म्हाळाप्पानं लाडू बादलीत विरघळवले आणि मेव्हण्याभोवती फिरून चारी बाजूंनी शिंपडले. मेव्हणा दुपारच्या एसटीनं परत गेला. मुंग्या स्टँडपर्यंत सोबत होत्या.

मग मात्र खनिजाची पोती अनसूयेनं स्वतः विरघळवली. आठवड्यात कोळंबी टणक व्हायला लागली. तोडकर साहेब खूश झाले. जाताना म्हाळाप्पाला म्हणाले, "कोळंबी वाढताना कात टाकते. जुनं कवच उतरलं की अंग मऊ पडतं बघ. तेव्हा खनिजाचं पाणी मिळालं तरच नवं कवच धरतं. नाहीतर जीव गेलाच."

म्हाळाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारी! असं कुणाला मरू देणार नाही साहेब."

पुढच्या सोमवारी कोळंबी बघायला मुजावर शेठ आले. माणूस गोलमटोल. त्यांनी माल घेतला तर वर्षाचं सोनं होणार होतं. अनसूया चहा टाकायला गेली. जाताना म्हणाली, "शेठना काही कमी पडू देऊ नका."

तळ्याकाठी ऊन मी म्हणत होतं. शेठनी कोट काढून बाभळीवर टाकला. मग सदरा काढला. मग घामानं चिकटलेला बनियनही सोलून काढला.

म्हाळाप्पा दचकला. हळूच जवळ जाऊन त्यानं शेठच्या पोटात बोट खुपसलं. बोट आत गेलं.

धप्प!

अनसूया कपबशी घेऊन धावत आली. शेठ गळ्याइतक्या पाण्यात होते. डोक्यावर दोन पोती पोटॅश ओतलेलं. ते काठाला यायचे, की म्हाळाप्पा बांबूनं परत आत लोटायचा.

"अहो, काय करताय! बाहेर काढा त्यांना!"

"इतक्यात नको," म्हाळाप्पा काकुळतीनं म्हणाला. "अजून मऊच आहेत गं!"