घरात कोणी नाही

ऐका हं. डोळे मिटले तरी चालतील, कान मात्र उघडे ठेवा.

एक होती वाट. सायकलींची वाट, बरं का. डोंगरातून निघायची ती थेट समुद्रापर्यंत जायची. वाटेवर लहान लहान गावं होती आणि सगळ्या गावांची एकच रीत होती. दारात सायकलची घंटी वाजली की आतून विचारायचं, "कोण आलंय?" वाटसरूने आपलं नाव-गाव सांगायचं. मग त्याला गूळपाणी द्यायचं, सावलीत बसवायचं.

त्या वाटेवर काकडवाडीत भामा राहायची. तिची एक लेक होती, बकुळी. एवढीशी, पण बोलायला मोठी.

एकदा काय झालं, भामाने घर सारवलं होतं. सारवण अजून ओलं होतं. डब्यात गुळाचा एकच खडा होता, तो तिने बकुळीच्या पोळीसाठी ठेवला होता. आणि नेमकी दारात घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग!

भामाने फटीतून पाहिलं. एक म्हातारी होती. पाय धुळीने भरलेले, सायकलची चाकं चिखलाने माखलेली. भामाच्या मनात आलं, आता ही आत येणार, सारवण उखडणार, गूळ संपवणार! तिने बकुळीच्या तोंडावर हात ठेवला आणि आतूनच ओरडली, "घरात कोणी नाही!"

बाहेरून म्हातारी म्हणाली, "कोणी नाही? बरं बाई. कोणी नाही तर कोणी नाही." आणि गेली.

बकुळीने तोंडावरचा हात काढला. "आई, कोणी नाही, तर मग बोललं कोण?" असं म्हणून ती वळली, आणि बघते तर काय! आईच नाही!

भामा होती, बरं का, तिथेच होती. पण दिसेना. तिने आरशात पाहिलं, तर आरशात नुसती मागची भिंत.

"आई, तू कुठे गेलीस?" बकुळी रडायला लागली.

"इथेच आहे ग," भामा म्हणाली.

"मग दिसत का नाहीस?"

भामाला खरं सांगायची लाज वाटली. ती म्हणाली, "मी कामात आहे." पण मनात म्हणाली, हे त्या म्हातारीचंच काम. तिला गाठलंच पाहिजे.

मग तिने सायकल काढली आणि बकुळीला मागे कॅरिअरवर बसवलं. बकुळीने न दिसणाऱ्या आईच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी निघाल्या.

पहिलं गाव लागलं घुंगुरवाडी. लोक बघतात तर मागे पोर आणि पुढे मोकळं सीट! कोणी घाबरलं का? छे! एका बाईने विचारलं, "कोण आलंय?"

"मी बकुळी. आणि माझी आई चालवतेय. ती दिसत नाही."

"असू दे. दिसत नसली तरी तहान लागतच असेल की." बाईने दोन तांबे भरले आणि दोन खडे गूळ ठेवला. रिकाम्या जागेकडे बघून हसली. "ताई, पी हो पोटभर. कुठल्या गावची?"

भामाने तांबा खाली ठेवला आणि बकुळीला मागे बसवून घाईघाईने निघाली.

मग दुसरं गाव लागलं, पाणवठे. तिथे चाकात काटा घुसला. एका आजोबांनी झाडाखाली घोंगडी अंथरली, पंक्चर काढलं, हवा भरली. काम करता करता म्हणाले, "आत्ताच एक म्हातारी गेली बघ इथून. पायाला हे एवढे फोड. मागे कुठेतरी तिला घोटभर पाणीसुद्धा मिळालं नाही म्हणे. कोण असतील अशी माणसं!"

भामाचे कान तापले. कोणाला दिसत नव्हती, तरी तिने पदराने तोंड झाकलं. निघताना ती बकुळीच्या कानात कुजबुजली, "आता कोणी विचारलं ना, तर सांग, कोणी नाही."

मग तिसरं गाव आलं, सावळगाव. पारावर सगळा गाव जमला होता आणि मधोमध ती म्हातारी बसली होती. कोणीतरी तिच्या फोडांना तेल लावत होतं.

म्हातारीने विचारलं, "काय ग पोरी, सायकल कोण चालवतंय?"

बकुळी शहाण्यासारखी म्हणाली, "कोणी नाही."

असं म्हणाली मात्र, तिची बोटं दिसेनाशी झाली! मग मनगट गेलं. मग कोपर.

"आई!" बकुळी किंचाळली.

भामाने ते पाहिलं. आपली लाज झाकायला आपण लेकीलाच पुसायला निघालो! ती ओरडली, "मी आहे! मी चालवतेय! मी भामा, काकडवाडीची. आजी, तुम्ही घंटी वाजवलीत तेव्हा मी घरातच होते. गूळही होता. मी खोटं बोलले, आणि लेकीलाही बोलायला लावलं!"

तशी बकुळीची बोटं परत आली. आणि भामाही दिसायला लागली, अख्ख्या गावासमोर, मान खाली घातलेली. तिला वाटलं, नसते दिसले तर बरं झालं असतं.

म्हातारी म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं ग. ताज्या सारवणाचा वास येत होता. घर काय आपलं आपणच सारवून घेतं?"

सगळे हसले. भामालाही रडता रडता हसू आलं. म्हातारीने आपल्यातला अर्धा खडा गूळ तिच्या हातावर ठेवला. तो अर्धा खडा तिला कितीतरी वेळ गिळवेना.

मग मायलेकी घरी आल्या. दुसऱ्या दिवशी भामा सारवत होती, तेवढ्यात दारात घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग!

बकुळी म्हणाली, "आई, सारवण ओलं आहे!"

भामाने दार सताड उघडलं. "असू दे. उमटू देत चाकं. कोण आलंय?"

त्या घरात अजून चाकांच्या रेघा आहेत, बरं का. भामा त्या पुसत नाही. आणि मायलेकी सुखात आहेत.

आता मी विचारते, अजून कोण जागं आहे? "कोणी नाही" म्हणायचं नाही हं! नुसते डोळे मिटायचे आणि झोपायचं.