महाराजांच्या मिशा खाली कशा आल्या

येसूला वाटलं होतं, वेशीत पाऊल टाकताच बापाचं कौतुक कानावर पडेल. राजवाड्याला लागलेली आग तिच्या बापाने, सुभाना पखालजीने विझवली, ही बातमी तिला वाटेतच कळली होती. दूरच्या शहरात मामाकडे राहून ती शिकली होती आणि आता राज्याचं काहीतरी भलं करायचंच, असं ठरवून परतत होती. घरापुढे येऊन पाहते तर बैलाच्या पाठीवर पाण्याच्या कातडी पखालीऐवजी घरातली भांडीकुंडी बांधलेली, आणि सुभाना त्यावर दोरी आवळतोय.

"बाबा, सत्कार झाला ना तुमचा?"

"झाला की. उद्या दुपारी राज्य सोडायचंय."

"आग विझवली म्हणून?"

"आग विझवली ते ठीक. पण दिवाणखान्याच्या भिंतीवर महाराजांचं नवं चित्र होतं. पाण्याने रंग ओघळला आणि मिशा हनुवटीखाली आल्या. महाराज म्हणाले, आग परवडली, पण पाणी नको. उद्या दरबारात नव्या गालिच्यावर पेटती शेगडी ठेवणार आहेत. ती पाण्यानेच विझवायची आणि गालिचा भिजता कामा नये. नाही जमलं, तर चालू पडा."

"तुम्ही पाणी मारलंत तरी किती?"

"पखालीचं तोंड अर्धंच सोडलं होतं. पडदा विझला तसं बांधून टाकलं."

"मग मिशा कशा ओघळल्या?"

सुभानाने इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "मानाच्या घागरी."

येसूच्या ध्यानात आलं. राजवाड्यात आग लागली की प्रत्येक दरबाऱ्याने हुद्द्याप्रमाणे एकेक घागर ओतायची, आणि तीही महाराजांच्या डोळ्यांदेखत, असा तिथला रिवाज होता. आग आपल्या सोयीने विझे. रिवाज मात्र शेवटच्या कारकुनापर्यंत चाले.

"मग तुम्ही महाराजांना सांगितलं का नाहीत?"

"दिवाणजींनी उचललेली घागर मी अडवू? मला मुंडकं एकच आहे, येसे."

"बरं, ती भांडी तेवढी खाली घ्या. बैल उगाच दमतोय."

दुसऱ्या दिवशी दरबारात महाराज रणधवल चित्राकडे पाठ करून बसले होते. गालिच्यावर शेगडी रसरसत होती.

"सुभाना कुठे आहे?"

"घरी भांडी मांडतायत, महाराज. त्यांची मुलगी आलेय, मी."

"भांडी मांडतोय? एवढी खात्री?"

"मांडणीवर नसली की सापडत नाहीत, महाराज. सुरू करण्याआधी एक विचारू? परवाच्या आगीवर बाबांखेरीज आणखी कोणी पाणी ओतलं होतं का?"

दरबारात एकदम जीव आला. दिवाण त्र्यंबकपंत उठून उभे राहिले. "पहिली घागर माझी." सेनापती म्हणाले, "दुसरी माझी, पण काठोकाठ." खजिनदारांनी तर दोन ओतल्या होत्या आणि दुसरीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं. राजकवी त्या दिवशी परगावी होते. त्यांनी मनातल्या मनात ओतली होती.

येसूने सगळ्यांना नमस्कार केला आणि ती शेगडीपाशी बसली. सोबत आणलेल्या पाण्याच्या तांब्यात आंब्याची डहाळी बुडवून तिने निखाऱ्यांवर शिंपडा मारला. चर्र झालं, वाफ वर गेली. ती थांबली. पुन्हा शिंपडा, पुन्हा वाफ. लाल निखारे काळे पडत गेले. शेवटच्या शिंपड्याला जेमतेम फुसकारा आला, तशी तिने डहाळी बाजूला ठेवली.

महाराजांनी स्वतः खाली वाकून गालिच्यावर हात फिरवला. कोरडा ठणठणीत.

"पाणी गेलं कुठे?"

"आगीने प्यायलं, महाराज. पाणी निखाऱ्याची धग घेतं आणि वाफ होऊन निघून जातं. धग गेली की आग गेली. पण निखारा रसरसतोय तोवरच हे चालतं. नंतर काय होतं, तेही दाखवते."

आणि तिने काळ्या कोळशांवर आणखी एक ओंजळ सोडली. या वेळी ना चर्र, ना वाफ. पाणी कोळशांतून खाली उतरलं, शेगडीच्या भोकांतून गळलं आणि गालिच्यावर मोठा डाग पसरला.

"अगं, गालिचा!" महाराज ओरडले.

"आग विझवताना कोरडा होता, महाराज. तुम्हीच हात लावून पाहिलात. ही विझल्यानंतरची ओंजळ. परवा मिशांवर गेलं ते असलंच पाणी. फक्त घागरीने गेलं."

महाराजांनी सावकाश मान वळवून दरबाराकडे पाहिलं.

दिवाणजींना आठवलं की त्यांची घागर रिकामीच होती, रिवाज म्हणून नुसती उचलली होती. सेनापतींच्या मते काठोकाठ म्हणजे तळाशी थोडंसं. खजिनदारांच्या दोन्ही घागरी दुसऱ्याच कोणाच्या तरी निघाल्या. राजकवींनी मात्र ठामपणे सांगितलं, "महाराज, मी परगावी होतो."

महाराज आधी गालातल्या गालात हसले, मग त्यांनी मागे वळून चित्राकडे पाहिलं आणि ते पागोटं सुटेपर्यंत हसत राहिले.

"सुभाना कुठेही जाणार नाही," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि पोरी, तुला हवं ते माग. विचार करून उद्या सकाळी सांग."

घरी सुभानाने दुसरा बैल सुचवला. येसूच्या मनात पाठशाळा होती, रस्ते होते, तळी होती. शहरातून निघताना तिने हे सगळं ठरवूनच ठेवलं होतं. पण एकेका कामाचं तिने चित्र रंगवून पाहिलं, आणि प्रत्येक चित्रात हुद्द्याप्रमाणे ओळ लावून उभे असलेले दरबारी दिसू लागले.

सकाळी ती दरबारात आली तेव्हा तिचं ठरलं होतं.

"महाराज, मला या राजवाड्यात 'पुरे' म्हणण्याचा अधिकार द्या. मी म्हटलं की दिवाणजींनीसुद्धा थांबायचं."

"आगीपुरता ना?"

"सुरुवात आगीपासून करते."

"दिला," महाराज म्हणाले आणि पुन्हा खदखदून हसले. ते हसले म्हणून दिवाणजी हसले. मग सेनापती, मग खजिनदार, मग राजकवी. हुद्द्याप्रमाणे हसू शेवटच्या कारकुनापर्यंत पोचलं. महाराज केव्हाच थांबले होते, तरी दिवाणजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"पुरे," येसू म्हणाली.