सगुणा लोहारणीचा दांडा

आगरकोंडच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही हकीकत. गावात सगुणा नावाची लोहारीण होती. नवरा गेल्यावर भाता तीच चालवायची. तिला प्रश्न फार पडायचे, असं म्हणतात.

उस्मान तांडेल खाडीवर होडी चालवायचा. होडीला रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन होतं. एकदा त्यातला झिजलेला दांडा घेऊन तो सगुणाकडे आला आणि म्हणाला, "ह्याची छिन्नी करून दे."

दांड्यावर अंड्यासारखे दोन उंचवटे होते.

"हे कशाला, उस्मानभाय?"

"दांडा फिरला की ते झडपा उचलतात. इंजिन श्वास घेतं, सोडतं."

"झडप जास्त उचलली, तर श्वास मोठा होईल?"

उस्मानला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. दांडा तिथेच ठेवून तो हसत निघून गेला.

सगुणाने छिन्नी केलीच नाही. उंचवट्यांना हात न लावता तिने त्यांच्या पाठीकडचा गोल भाग दगडावर घासला, म्हणजे उंचवटा आपोआप वर आला. डोक्याचा केस लावून ती माप घ्यायची, असं म्हणतात. पण वरचा कडक थर निघून गेला होता. इंजिनात बसवून पाहिला, तर दांडा दिवसभरात झिजला. मग तिने उस्मानकडचा दुसरा जुना दांडा घासला आणि वरचा थर पुन्हा कडक व्हावा म्हणून शिंगाच्या भुकटीत आणि कोळशात पुरला, भट्टीत लाल केला, तेलात बुडवला. तो तडकला. तिसरा टिकला.

उस्मानने तो भीतभीतच बसवला. इंजिन सुरू झालं, पण उचकी लागल्यासारखं अडखळू लागलं.

"ह्याला धाप लागलीय गो. उद्या काढ."

"हळू चालवाल तर अडखळणारच. जोरात सोडून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पुराचं पाणी आलं, त्यात ओहोटी लागलेली. कालवं काढायला गेलेल्या अकरा बायकांची होडी दोर तुटून समुद्राकडे निघाली. तिथवर जाणं सोपं होतं. त्या धारेविरुद्ध परत येणं कुठल्याच साध्या इंजिनाला जमलं नसतं. दांडा बदलायला वेळ नव्हता. उस्मानने होडी सोडली आणि सगुणाही आत बसली. दांडा तुटला असता तर तेराही जणं गेली असती.

बायकांची होडी मागे बांधली. उस्मानने इंजिन पूर्ण सोडलं. उचकी थांबली. होडी असा काही आवाज करत धारेच्या उलट वर चढली, की तीन गावांतली कुत्री भुंकली, आणि मासे बाजूला होऊन वाट देत होते, असं म्हणतात.

धक्क्यावर लोक हळदकुंकू घेऊन इंजिनाची पूजा करायला धावले. सगुणाने त्यांच्या हातातलं ताट घेऊन बाजूला ठेवलं.

"पूजा मागाहून करा. आधी आत काय आहे ते बघा."

तिने तिथेच इंजिन उघडलं. संध्याकाळपर्यंत जो येईल त्याला दाखवत राहिली.

आजही आगरकोंडात कुठलंही इंजिन धक्क्यावर, सगळ्यांसमोर उघडतात. मेस्त्री सगुणाचं नाव घेतो आणि म्हणतो, "विचारा." शेवटच्या माणसाला उत्तर मिळेपर्यंत झाकण लावत नाहीत. परवा एका म्हातारीने असं काही विचारलं, की मेस्त्रीला सांगता येईना. होडी दोन दिवस धक्क्यालाच उभी होती.